दुसऱ्या मजल्यावर, २५ हजारांत वेटलिफ्टिंग : आधी काय घ्यावं, काय राहू द्यावं

नाशिकच्या एका गृहस्थांनी विचारलं आहे : त्यांचं वय ३६, पत्नीचं ३३. दोघांनाही घरीच वजनं उचलायला सुरुवात करायची आहे. फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, खोली १० बाय ११ फूट, बजेट २५ हजार. ऑनलाइन ५० किलोचा ‘होम जिम कॉम्बो’ साडेपाच हजारांत दिसतोय. दोन रॉड, डंबेल्स, बेंच, हातमोजे, उडीची दोरी सगळंच त्यात येतं. तो घेऊन उरलेल्या पैशांत ट्रेडमिल घ्यावी का?

कॉम्बो घेऊ नका. ट्रेडमिलही नको. पैसे आधी रॉडवर घाला, मग ते वजन झेलणाऱ्या स्टँडवर आणि जमिनीवर. प्लेटा सगळ्यात शेवटी, आणि त्या जुन्या. एवढ्याशा उत्तराने समाधान होणार नाही, म्हणून कारणं सविस्तर सांगते. मी कोल्हापूर जिल्ह्यात मुलामुलींना वेटलिफ्टिंग शिकवते, आणि घरी सामान घेण्याआधी पालक मला हेच विचारतात.

स्वस्त कॉम्बोतल्या प्लेटा बहुतेक वेळा प्लास्टिकच्या कवचात सिमेंट भरलेल्या असतात. सिमेंट-काँक्रीट लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश जड. म्हणजे तेवढ्याच वजनाला तिप्पट जागा लागते. पाच फुटी रॉडवर दोन्ही बाजूंना अशा दोन-दोन जाडजूड प्लेटा चढवल्या की पुढे जागाच उरत नाही. चार-पाच महिन्यांत तुमची ताकद वाढते आणि रॉड म्हणतो, आता बास. कवचाला तडा गेला की भुकटी गळायला लागते आणि दोन बाजूंचं वजन सारखं राहत नाही, ते वेगळंच.

त्याहून मोठी काळजी रॉडची. बांधकामावर सळईचं वजन काढायचं सूत्र तुम्ही ऐकलं असेल : व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे एका मीटरचं वजन किलोत. २८ मिलिमीटरचा भरीव रॉड मीटरला ४.८४ किलो भरतो. पाच फूट म्हणजे १.५२ मीटर, म्हणजे सुमारे ७.४ किलो. २५ मिलिमीटरचा असेल तर ५.९. आता कॉम्बोतला पाच फुटी रॉड काट्यावर ठेवा. चार किलो भरला तर तो आतून पोकळ आहे. पोकळ रॉड हातासाठी डंबेल्ससारखा वापरायला ठीक, पण खांद्यावर घेऊन बैठका मारायला मी कुणालाही देणार नाही. भरीव असला तरी साध्या एमएसचा (म्हणजे माइल्ड स्टीलचा, मऊ पोलादाचा) रॉड ८०-१०० किलोला एकदा जोरात आपटला की वाकतो, आणि वाकलेला रॉड पुन्हा सरळ करून वापरायचा नसतो.

टोकाला आटे पाडून वर चांदणीसारखा नट बसवलेला रॉड मला आजही आवडत नाही. मी सतरा वर्षांची असताना घरी तसाच एक आणला होता. डोक्यावर वजन ढकलताना डावीकडचा नट हळूहळू फिरत सैल झाला. डावीकडच्या प्लेटा घसरून पडल्या, त्याच क्षणी उजवी बाजू जड होऊन खाली गेली आणि रॉडचं रिकामं टोक खिडकीची काच फोडून गेलं. शेजारी माझी लहान बहीण बसलेली असायची, त्या दिवशी ती नव्हती. तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलीला मी प्रत्येक सेटआधी दोन्ही कॉलर, म्हणजे प्लेटा सरकू नयेत म्हणून बाहेरून लावायचे चाप, हाताने दाबून बघायला लावते. तुम्हीही स्प्रिंगची क्लिप किंवा दाबून बसणारी कॉलरच घ्या.

मग रॉड कोणता? बाजारात दोन जाती आहेत. एक, सरळ २८ मिलिमीटरचा, ज्याच्या प्लेटांचं भोक ३० मिलिमीटरच्या आसपास असतं. दुसरी ऑलिम्पिक जातीची. तिची टोकं जाड, ५० मिलिमीटरची, आणि मधल्या दांड्यापासून वेगळी फिरणारी. त्या फिरणाऱ्या भागाला स्लीव्ह म्हणतात. रॉड जमिनीवरून वर खेचून खांद्यावर पलटवताना तुमचं मनगट फिरतं, प्लेटा फिरत नाहीत. स्लीव्ह फिरत नसेल तर प्लेटांचा सगळा पीळ मनगटावर आणि कोपरावर येतो. वेटलिफ्टिंग शिकायचंच असेल तर ऑलिम्पिक रॉडला पर्याय नाही. आणि एकदा ५० मिलिमीटरची वाट धरली की पुढे आयुष्यभर जे काही घ्याल ते एकमेकांत बसतं. दोन्ही जातींचं सामान अर्धं-अर्धं जमवणं ही सर्वात महागडी चूक आहे.

पुरुषांचा ऑलिम्पिक रॉड २० किलोचा, २.२ मीटर लांब, धरायला २८ मिलिमीटर. महिलांचा १५ किलोचा, २.०१ मीटर, २५ मिलिमीटर. तुमच्या घरासाठी मी १५ किलोचाच रॉड घ्या म्हणेन, दोघांसाठी मिळून एक. अनेक पुरुषांना हे ऐकून कमीपणा वाटतो, पण हिशेब बघा. तुमच्या पत्नीला पहिल्या महिन्यात २० किलो डोक्यावर ढकलणं जमेलच असं नाही. तो रॉड भिंतीला टेकून राहील आणि त्यांचा व्यायाम तिथेच थांबेल. तुम्हाला मात्र १५ किलोच्या रॉडने काहीच अडत नाही, पाच किलोची कसर प्लेटा भरून काढतात. रॉड १९ सेंटिमीटर आखूड असल्याने खोलीतही तेवढी जागा सुटते. दोन्ही रॉडांच्या मधल्या दांड्याची, म्हणजे दोन स्लीव्हच्या आतल्या कडांमधली लांबी १३१ सेंटिमीटर, सारखीच. त्यामुळे आज बनवलेला स्टँड उद्या २० किलोचा रॉड घेतला तरी चालतो. चांगल्या पोलादाचा महिलांचा रॉड तुमची पहिली दोन-तीन वर्षं आरामात काढेल.

दुकानात जाऊन रॉड बघायला मिळाला तर फरशीवर ठेवून हलका ढकला. सरळ असेल तर गुपचूप घरंगळत जातो, वाकडा असेल तर मध्येच उड्या मारतो. स्लीव्ह हाताने फिरवा. ती मिनिटभर भिंगरीसारखी फिरायला हवी असं काही नाही, पण अडखळता कामा नये आणि पुढे-मागे खडखडता कामा नये. नर्लिंग, म्हणजे पकडीसाठीची खरखर, तळहाताला जाणवली पाहिजे पण कानशीसारखी टोचायला नको. स्लीव्ह दांड्याला वेल्डिंग करून जोडलेली दिसली तर तिथूनच परत फिरा.

आता प्लेटा. इथे जितकी काटकसर करता येईल तितकी करा. लोखंड शिळं होत नाही. बंद पडलेल्या जिमच्या, हौस फिटलेल्या घरांतल्या प्लेटा नव्याच्या निम्म्या-पाऊण किमतीत मिळतात. माझ्याकडच्या निम्म्या प्लेटा बिडाच्या आहेत, एका बंद झालेल्या व्यायामशाळेतून आणलेल्या, त्यातल्या काही माझ्यापेक्षा वयाने मोठ्या असतील. बिडाची प्लेट आवाज करते, पण पातळ असते आणि रॉडवर कमी जागा खाते. रबराची घ्यायची तर मधली लोखंडी रिंग अंगठ्याने हलवून बघा, ती सैल झालेली प्लेट घेऊ नका. पुनर्वापराच्या रबराला उग्र वास येतो. फ्लॅटमध्ये आणण्याआधी आठवडाभर गच्चीवर उन्हा-वाऱ्यात ठेवा, नाहीतर घरातली माणसं पहिल्याच दिवशी तुमच्या व्यायामाच्या विरोधात जातील.

प्लेटेवर १० लिहिलंय म्हणजे ती १० किलो असतेच असं नाही. स्पर्धेच्या प्लेटांना हजारात एक भाग एवढीच चूक चालते, बाजारातल्या प्लेटांना कुणी विचारत नाही. मी एकदा दहा किलोच्या आठ प्लेटा किराणा दुकानातल्या काट्यावर तोलल्या होत्या. सर्वात हलकी ९.४ आणि सर्वात जड १०.५ निघाली. या दोन्ही एकाच रॉडच्या दोन टोकांना गेल्या असत्या तर शरीर रोज एका बाजूला किलोभर जास्त ओढत राहिलं असतं. जुन्या प्लेटा घेताना तोलून, जवळजवळ सारख्या जोड्या लावा आणि खरं वजन ऑइलपेंटने मागे लिहून ठेवा. एवढं केलंत तर स्वस्तातल्या प्लेटा महागड्यांइतक्याच कामाच्या.

सुरुवातीला दहाच्या दोन जोड्या, पाचची एक, अडीचची एक, सव्वाची एक. ही ५७.५ किलो झाली, रॉडसह ७२.५. पहिल्या सहा महिन्यांना पुरून उरतील.

सव्वाच्या जोडीपाशी मात्र थांबू नका. लहान वजनांकडे कुणी लक्षच देत नाही, आणि घरी व्यायाम करणाऱ्यांची प्रगती नेमकी तिथेच अडते. समजा तुमच्या पत्नी रिकामा रॉड, १५ किलो, पाच वेळा डोक्यावर ढकलतात. पुढची पायरी सव्वाची जोडी लावून १७.५, म्हणजे एकदम १६-१७ टक्के वाढ. तुम्ही ६० किलोची बैठक मारता आणि कुणी सांगितलं की पुढच्या वेळी ७०, तर जमेल का? त्यांना नेमकं तेच करायला सांगितलं जातं, आणि मग ‘बायकांच्या हातात ताकद नसते’ असं घरातलंच कुणीतरी म्हणतं. ताकद असते, पायरी उंच असते. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत आमच्या शेजारच्या सांगलीच्या संकेत सरगरने ५५ किलो गटात एकूण २४८ किलो उचलले. सुवर्ण जिंकणाऱ्या मलेशियाच्या खेळाडूचे २४९ होते. आमच्या खेळात एका किलोची किंमत ही अशी आहे.

अर्ध्या किलोच्या तयार प्लेटा मिळतात, पण महाग पडतात. तुम्ही नाशिकचे, सातपूर-अंबडच्या हार्डवेअर दुकानांत एम-४८ बोल्टचे वॉशर मागा. एकेक साधारण पाव किलोहून थोडा जास्त भरतो आणि त्याचं भोक ५० मिलिमीटरच्या आसपास असतं. ५० आणि ५२ अशी दोन मापं येतात. मोठं घ्या आणि रॉडची स्लीव्ह मापून जा. असे चार वॉशर घेतले की १५ वरून साडेपंधरा, मग सोळा, अशा पायऱ्या करता येतात. एवढ्याशा खर्चात पत्नीचे पुढचे कित्येक महिने सुकर होतील. संपूर्ण यादीत मला सर्वात प्रिय खरेदी हीच आहे.

स्टँड तयार घेऊ नका, फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घ्या. ५० बाय ५० मिलिमीटरचा चौकोनी पाईप, जाडी ३ मिलिमीटर. हा पाईप मीटरला साधारण ४.४ किलो भरतो. दोन उभे खांब, खाली पुढे-मागे पसरलेले पाय, मागे दोन आडवे पाईप, आणि पुढे आलेले दोन सेफ्टीचे हात असं सगळं मिळून साडेनऊ-दहा मीटर पाईप लागतो, म्हणजे ४२-४४ किलो. हे लोक बहुतेक किलोवर दर लावतात, त्यामुळे हा आकडा आधी माहीत असला की भाव करताना फसगत होत नाही. खांबांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर १२० सेंटिमीटरच्या आत ठेवा, म्हणजे रॉडच्या १३१ सेंटिमीटरच्या मधल्या दांड्याला दोन्हीकडे मोकळीक राहते. रॉड ठेवायच्या आकड्यांसाठी दर पाच सेंटिमीटरला भोक पाडायला सांगा, तुमची आणि पत्नीची उंची सारखी नसणार.

सेफ्टीचे हात वगळून पैसे वाचवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. जिममध्ये मागे कुणीतरी उभं असतं, घरी नसतं. बैठकीतून उठता आलं नाही तर रॉड त्या हातांवर टेकवून खालून बाहेर सरकायचं. रिकामा रॉड घेऊन पहिल्याच दिवशी मुद्दाम ‘अपयशी’ व्हायचा सराव करा, दोघांनीही. बेंच आज घेऊ नका. पुढे घेतलात तर उंची ४२ ते ४५ सेंटिमीटर बघा, आणि छातीवरून ढकलण्याचा व्यायाम सेफ्टीच्या हातांशिवाय एकट्याने करायची वेळ आलीच तर कॉलर लावू नका. अडकलात तर एक बाजू कलवून प्लेटा घसरवता येतात. एकट्यासाठी कॉलर न लावण्याचा हा एकच प्रसंग.

जमीन. राहत्या खोलीचा स्लॅब आपल्याकडे चौरस मीटरला साधारण २०० किलोच्या हिशेबाने आखतात. ज्यावर उभं राहून वजन उचलायचं तो तुमचा प्लायवूडचा प्लॅटफॉर्म ८ बाय ४ फुटांचा, म्हणजे जवळपास तीन चौरस मीटर. स्टँड, रॉड, प्लेटा, प्लायवूड आणि तुम्ही स्वतः मिळून साधारण तीनशे-साडेतीनशे किलो होतात. नुसत्या वजनाने घाबरायचं कारण नाही. इमारत जुनी असेल, छताला भेगा किंवा ओल असेल, तर मात्र आधी इंजिनियरला दाखवा. प्रश्न आपटण्याचा आहे. टाइल्स फुटतात, आणि खालच्या मजल्यावरच्या आजींची दुपारची झोप मोडते. म्हणून सेंटरिंगवाल्यांकडून १८ मिलिमीटरची वापरलेली, पण सपाट राहिलेली प्लाय दोन नग आणा, एकावर एक स्क्रूने जोडा. रॉडच्या प्लेटा जिथे टेकतात त्या दोन टोकांना वर रबर. जिमच्या रबरी टाइल्सपेक्षा खडी क्रशरच्या जुन्या कन्व्हेयर बेल्टचे तुकडे स्वस्त पडतात आणि टिकतात. भंगारवाल्याकडे विचारा.

एवढं करूनही वजन आपटायचं नाही, हातातच खाली आणायचं. रबरी बंपर प्लेटा घेतल्या की फ्लॅटमध्येही टाकता येतं असं सांगतात, ते मला पटत नाही. हादरा स्लॅबमधून जातोच. त्यामुळे दुसऱ्या मजल्यावर बैठका, जमिनीवरून उचलणं, डोक्यावर ढकलणं, रोइंग (वाकून रॉड पोटाकडे ओढणं) हे सगळं करा. ताकदीचा पाया यातच आहे. स्नॅच (जमिनीवरून एका दमात डोक्यावर) आणि क्लीन-जर्क (आधी खांद्यावर, मग डोक्यावर), जिथे वजन सोडून देणं हाच सुरक्षित उपाय असतो, ते तळमजल्यावरच्या व्यायामशाळेत, कुणाच्या तरी नजरेखाली शिका. तुमच्याच जिल्ह्यात मनमाडला मुलींच्या वेटलिफ्टिंगची चांगली परंपरा आहे. महिन्यातून एक रविवार दोघं तिकडे गेलात तरी घरच्या सरावाला दिशा मिळेल.

जमिनीवरून उचलताना एक गोष्ट लक्षात ठेवा. स्पर्धेच्या मोठ्या प्लेटांचा व्यास ४५ सेंटिमीटर असतो, म्हणून रॉड जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर येतो. जुन्या दहा किलोच्या प्लेटा बऱ्याच लहान असतात. रॉड खाली जातो, तुम्ही जास्त वाकता आणि कंबर गोल होते. प्लेटांखाली लाकडी ठोकळे ठेवून रॉडचा मध्य साडेबावीसवर आणा. टेप लावून मापा, अंदाजाने नको.

आणि वर बघा. पंखा! डोक्यावर रॉड घेतल्यावर हात आणि प्लेटेची अर्धी उंची मिळून मध्यम उंचीचा माणूससुद्धा सव्वादोन-अडीच मीटरपर्यंत पोचतो, आणि आपल्या घरांत पंख्याची पाती साधारण तिथेच असतात. पंखा काढून भिंतीवरचा लावा. प्लॅटफॉर्म ११ फुटांच्या बाजूने लांब टाका. मग रॉडच्या दोन्ही टोकांना साधारण ६५ सेंटिमीटर जागा राहते, प्लेट चढवायला तेवढी पुरे.

पैशांचं मी असं वाटप करेन : रॉड ९ हजारांपर्यंत, स्टँड ६, जुन्या प्लेटा ६, जमीन ३. उरलेले हजार कॉलर, वॉशर, तेल आणि टेम्पोभाड्याला. चांगला रॉड दोन हजारांनी महाग मिळत असेल तर प्लेटा कमी घ्या, रॉडमध्ये तडजोड नको. पट्टा, मनगटाच्या पट्ट्या, हातमोजे सध्या काहीच नको. बूट कडक, सपाट तळव्याचे. धावण्याचे मऊ बूट घालून बैठका मारू नका, नाहीतर अनवाणी बरे. तेल मात्र नेहमी हाताशी असू द्या. आठवड्याला नायलॉनच्या ब्रशने नर्लिंगमधली घामाची पूड झाडून शिलाई मशीनच्या तेलाचं बोट फिरवायचं. रत्नागिरीला किंवा गोव्यात राहणाऱ्यांनी पावसाळ्यात हे रोज करावं, तिथली खारी हवा उघडं पोलाद चार दिवसांत तांबूस करते.

बजेट यातूनही ताणलं जात असेल तर स्टँड दोन महिने पुढे ढकला आणि तोवर तांदळाच्या रिकाम्या पोत्यात जाड प्लास्टिकची पिशवी घालून २० किलो वाळू भरा, तोंड घट्ट शिवा. छातीशी कवटाळून बैठका मारा, खांद्यावर घेऊन जिना चढा. आमच्या आजोबांच्या तालमीत नाल आणि मुदगल होते, त्यांच्या पाठी बघून कुणी म्हटलं नसतं की सामान अपुरं होतं. पोतं पकडायला अवघड असतं, पण पाठ आणि पोट त्यानेच घट्ट होतात. स्टँड येईपर्यंत रॉड जमिनीवरून उचला आणि रिकामा रॉड डोक्यावर ढकलायला लागा. पत्नीसाठी वॉशर तेवढे पहिल्याच आठवड्यात आणून ठेवा.